कॉटरीचे हत्यार सुरक्षित कसे घडवावे: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील हुकच्या निमित्ताने

शस्त्रक्रियागृहात सगळे ज्याला सरसकट ‘कॉटरी’ म्हणतात त्यात दोन वेगळ्या वस्तू असतात: उच्च वारंवारितेचा विद्युतप्रवाह तयार करणारे यंत्र आणि तो प्रवाह ऊतीपर्यंत नेणारे हत्यार. यंत्राच्या सुरक्षिततेवर गेल्या काही दशकांत पुष्कळ काम झाले. हत्याराकडे मात्र अजूनही ‘दांडा, त्यावर प्लॅस्टिकची नळी आणि मागे पिन’ अशाच नजरेने पाहिले जाते. हे हत्यार घडवू पाहणाऱ्या अभियंत्यांसाठी पुढील मांडणी आहे. उदाहरणासाठी पित्ताशय काढताना वापरला जाणारा, ५ मिमी जाडीचा आणि सुमारे ३५ सेमी लांबीचा मोनोपोलर (एकाच ध्रुवाचा, ज्याचा प्रवाह शरीरातून परत जातो असा) हुक घेतला आहे, कारण या क्षेत्रातले जवळजवळ सगळे धोके त्या एका हत्यारात एकत्र भेटतात.

हार्वे कुशिंग यांनी १ ऑक्टोबर १९२६ रोजी बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात विल्यम बोवी यांचे यंत्र वापरून शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून या तंत्रात रुग्ण भाजण्याची जागा बदलत आली आहे. जुन्या यंत्रांचे आउटपुट जमिनीशी जोडलेले असे, त्यामुळे प्रवाह ईसीजीच्या इलेक्ट्रोडमधून किंवा टेबलाला टेकलेल्या हातातून बाहेर पडे आणि तिथली त्वचा भाजे. जमिनीपासून विलग केलेले आउटपुट आल्यावर तो प्रकार बराच कमी झाला, तरी प्रवाह परत नेण्यासाठी रुग्णाच्या त्वचेला लावलेली प्लेट नीट चिकटली नसेल तर तिच्याखाली भाजणे शिल्लक राहिले. प्लेटचा संपर्क सतत तपासणारी दुभागलेली प्लेट आल्यावर तेही आटोक्यात आले. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया रूढ झाल्या आणि भाजण्याची जागा पोटाच्या आत, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेली. आतड्याला पडलेले असे छिद्र त्या वेळी दिसत नाही. काही दिवसांनी ताप आणि पोटदुखी घेऊन रुग्ण परत येतो. म्हणून डिझाइनचा पहिला प्रश्न ‘टोक कसे कापेल’ हा नसून ‘टोकाखेरीज प्रवाह आणखी कुठून बाहेर पडू शकेल’ हा असला पाहिजे.

प्रवाहाचा नकाशा

काम सुरू करताना सीएडी (संगणकावर आराखडा काढण्याची प्रणाली) उघडण्याआधी कागदावर विद्युतमंडल काढावे. यंत्राची सक्रिय पिन, केबल, मूठ, दांडा, टोक, ऊती, रुग्णाचे शरीर, प्लेट आणि परत यंत्र, हा मुख्य मार्ग झाला. आता या प्रत्येक टप्प्यापाशी थांबून, इथून प्रवाह आडवाटेला लागला तर तो कोणाच्या शरीरात शिरेल, ते लिहून काढावे. केबलपाशी उत्तर ‘सहायक डॉक्टर किंवा ड्रेपखालचा (निर्जंतुक चादरीखालचा) रुग्ण’ असे येईल, मुठीपाशी ‘सर्जनचे बोट’, कॅन्युलापाशी, म्हणजे हत्यार पोटात नेणाऱ्या नळीपाशी, ‘पोटाची भिंत’ आणि टोकाच्या मागच्या दहा-बारा सेंटिमीटरपाशी ‘आतडे’ असे येईल. आयएसओ १४९७१ या वैद्यकीय उपकरणांच्या जोखीम व्यवस्थापनाच्या मानकानुसार करावयाच्या जोखीम विश्लेषणाची खरी सुरुवात हीच आहे. तयार तक्त्यात रकाने भरत बसण्यापेक्षा या नकाशातून धोके अधिक प्रामाणिकपणे सापडतात.

नकाशावर आकडे घालताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती म्हणजे ऊतीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ७०० मिलिअँपिअर प्रवाह १०० चौरस सेंटिमीटरच्या प्लेटमधून परत गेला तर घनता दर चौरस सेंटिमीटरला ७ मिलिअँपिअर पडते आणि त्वचा जेमतेम कोमट होते. तोच प्रवाह हुकच्या कडेवरून गेला की पेशींमधल्या पाण्याची वाफ होते. साधारण ६० अंश सेल्सिअसला पेशी तत्काळ मरतात आणि प्रथिने गोठू लागतात, १०० अंशांजवळ पाणी उकळते आणि २०० अंशांच्या पुढे कोळसा होऊ लागतो. म्हणजे आडवाटेने गेलेला प्रवाह कमी असला तरी तो किती लहान जागेतून बाहेर पडतो, यावर सगळे अवलंबून असते.

धारिता (कपॅसिटन्स): इन्सुलेशन शाबूत असतानाही होणारी गळती

नवख्या डिझाइनरचा सर्वांत मोठा गैरसमज असा की इन्सुलेशनला तडा नसेल तर प्रवाह बाहेर पडणार नाही. आतला धातूचा दांडा, मधले इन्सुलेशन आणि बाहेरची धातूची कॅन्युला हे तिन्ही मिळून एक कपॅसिटर बनतो आणि कॉटरीच्या वारंवारितेला, म्हणजे साधारण ३०० किलोहर्ट्झच्या पुढे, त्यातून प्रवाह सहज पार होतो.

हिशेब करून पाहू. दांडा ४ मिमी व्यासाचा, त्यावर अर्धा मिलिमीटर जाडीचे इन्सुलेशन, बाहेरून ५ मिमीची धातूची कॅन्युला आणि दोन्ही १० सेमी लांबीपर्यंत एकमेकांत, असे धरू. मधली हवेची फट सोडून देऊ. ती धरली तर धारिता आणखी कमी येईल, म्हणजे आपली चूक सुरक्षित बाजूची आहे. इन्सुलेशनचा परावैद्युत स्थिरांक सुमारे ३ धरला तर धारिता जवळपास ७५ पिकोफॅरड येते. ५०० किलोहर्ट्झला तिचा अवरोध सुमारे ४,२०० ओहम होतो. कापण्याच्या सलग लहरीचे शिखर व्होल्टेज १,००० व्होल्ट असेल, म्हणजे आरएमएस (परिणामकारक मूल्य) सुमारे ७०७ व्होल्ट, तर कॅन्युलावर सुमारे १६५ मिलिअँपिअर प्रवाह पोचू शकतो. कॅन्युला पूर्ण धातूची असेल तर हा प्रवाह पोटाच्या भिंतीत मोठ्या क्षेत्रफळावर पसरतो आणि बहुधा काही घडत नाही. मात्र धातूच्या कॅन्युलाला प्लॅस्टिकचा खिळा किंवा कॉलर लावून ती पोटाच्या भिंतीपासून विलग केली, की त्या प्रवाहाला बाहेर पडायला फक्त आतला काठ उरतो, आणि तिथे आतड्याचा वेढा दोन मिलिमीटर रुंदीच्या ठिपक्याएवढ्या जागेत टेकला तर तेवढी ऊती क्षणार्धात भाजते. म्हणूनच हत्याराच्या माहितीपत्रकात ‘कॅन्युला एक तर पूर्ण धातूची किंवा पूर्ण प्लॅस्टिकची वापरावी, मिश्र नको’ हे वाक्य असलेच पाहिजे. पण माहितीपत्रकावर विसंबून राहणे हे डिझाइन नव्हे.

वरच्या उदाहरणात आतला दांडा ४ मिमीऐवजी २ मिमीचा केला आणि उरलेली सगळी जागा इन्सुलेशनला दिली तर धारिता सुमारे १८ पिकोफॅरडवर येते आणि गळती साधारण ४० मिलिअँपिअरपर्यंत उतरते. बाहेरचा व्यास तोच राहिला, सामग्री तीच राहिली आणि धोका चौथ्या हिश्शावर आला. याची किंमत यांत्रिक बाजूला मोजावी लागते: वाकण्याविरुद्धचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्याने २ मिमीचा दांडा ४ मिमीच्या दांड्यापेक्षा सोळापट लवचिक होतो, आणि हुकने ऊती उचलताना दांडा वाकला तर सर्जन ते हत्यार दुसऱ्या दिवशी परत पाठवेल. यावर उपाय म्हणून ताठरपणाची जबाबदारी बाहेरच्या नळीकडे द्यावी. काचतंतू मिसळलेल्या पीक या बहुवारिकाची जाड नळी भार पेलू शकते आणि आतला धातू केवळ विद्युतवाहक म्हणून उरतो. या हुकमधून पाणी सोडण्याची आणि ओढून घेण्याची सोय हवी असेल तर गणित पुन्हा बिघडते, कारण पोकळ दांडा बारीक करता येत नाही. तिथे कार्यसुविधा आणि गळती यांतला निर्णय आकडे समोर ठेवून घ्यावा लागतो.

दुसरा मार्ग धातूच्या आवरणाचा आहे. इन्सुलेशनवर धातूचे दुसरे आवरण देऊन ते यंत्राच्या परतीच्या टोकाला जोडले आणि त्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर देखरेख ठेवली, तर धारितेची गळती आतड्याकडे न जाता सुखरूप परत जाते, शिवाय आतले इन्सुलेशन फाटले तर यंत्र स्वतःच बंद पडते. ही रचना उत्तम आहे, पण तिने धारिता कमी होत नाही, उलट वाढते. यंत्राची काही शक्ती तिथेच खर्च होते, केबल आणि कनेक्टर वेगळे लागतात आणि हत्यार महाग होते. ज्या छोट्या नर्सिंग होममध्ये दहा वर्षांपूर्वीचे यंत्र चालू आहे तिथे हे हत्यार बसणारच नाही, हे विक्री विभागाने सांगण्याआधी डिझाइनरला माहीत असावे.

इन्सुलेशनची निवड

इन्सुलेशन फुटण्याची कारणे विजेची कमी आणि वापराची जास्त असतात. ट्रोकारच्या (कॅन्युलासह पोटात घालायच्या साधनाच्या) झडपेची धातूची धार दर वेळी नळीवर घासते, साफसफाईत तारेचा ब्रश फिरतो, ट्रेमध्ये दुसरे टोकदार हत्यार वर पडते आणि ऑटोक्लेव्हच्या १३४ अंशांच्या फेऱ्यांनी धातू व प्लॅस्टिक यांच्या प्रसरणातला फरक सांध्यापाशी ताण देतो. नळी जिथे टोकाच्या धातूपाशी संपते तो काठ सर्वांत नाजूक समजावा, कारण ठिणगीची उष्णताही तिथेच लागते.

स्वस्त हत्यारांवर उष्णतेने आकसणारी पॉलिओलेफिनची पातळ नळी चढवलेली असते. ती एकदाच वापरायच्या हत्याराला चालू शकते. वारंवार निर्जंतुक करायच्या हत्याराला ती लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पीव्हीडीएफ हे प्लॅस्टिक घासण्याला अधिक टिकते, पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) परावैद्युत स्थिरांक सुमारे २.१ असल्याने धारिता कमी राहते पण ती सामग्री मऊ असल्याने कापली जाते, आणि पीक ताठ व उष्णतेला सोसणारी असली तरी महाग पडते. टोकाजवळचे शेवटचे काही मिलिमीटर सिरॅमिकचे ठेवणे हा चांगला तोडगा आहे, कारण सिरॅमिक ठिणगीने जळत नाही. फक्त सिरॅमिक आणि पीक यांच्या सांध्यात रक्त शिरून वाळले तर तिथेच वाहक वाट तयार होते, म्हणून सांधा एकमेकांवर चढणारा आणि चिकटद्रव्याने पूर्ण भरलेला असावा.

दोन रंगांचे इन्सुलेशन ही अतिशय साधी युक्ती आहे. आतला थर पिवळा आणि बाहेरचा काळा ठेवला तर बाहेरचा थर झिजल्याबरोबर पिवळी रेघ दिसते आणि ट्रे लावणाऱ्या सिस्टरच्या नजरेतून ती सुटत नाही. सुईच्या टोकाएवढे छिद्र मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि गंमत अशी की मोठ्या फाटीपेक्षा तेच अधिक घातक असते, कारण सगळा प्रवाह त्या एका बिंदूतून बाहेर पडतो.

टोक, टाच आणि जबडा

हुकच्या टोकाला जेवढा धातू उघडा ठेवाल तेवढी अपघाताची जागा वाढते. कापण्यासाठी हुकच्या आतल्या वाकाची कड लागते. त्याची टाच, म्हणजे मागची बाजू, सर्जनच्या लक्षात नसताना यकृताला किंवा पित्तनलिकेला टेकते. म्हणून टाच सिरॅमिकने झाकावी. कोरड्या हवेत ठिणगी पडायला दर मिलिमीटरला साधारण ३,००० व्होल्ट लागतात, आणि कोॲग्युलेशनच्या (रक्त गोठवण्याच्या) तुटक लहरीचे शिखर अनेक हजार व्होल्टवर जाते, तेव्हा उघड्या धातूपासून मिलिमीटरभर दूर असलेली ऊतीही स्पर्शाविना भाजू शकते. झाकलेल्या आणि उघड्या भागांमधले पृष्ठभागावरचे अंतर ठरवताना तो पृष्ठभाग ओला आणि काजळीने माखलेला असेल, असेच गृहीत धरावे.

कापण्यासाठी ठिणगी पेटायला साधारण २०० व्होल्टचे शिखर पुरते. कड बारीक असेल तर विद्युतक्षेत्र तिथे एकवटते आणि सर्जनला यंत्राची शक्ती वाढवावी लागत नाही. बोथट हुक दिला की सर्जन आकडा चढवतो, शिखर व्होल्टेज वाढते आणि वर सांगितलेले सगळे धोके त्याबरोबर वाढतात. कडेची धार हीसुद्धा सुरक्षिततेची बाब आहे, ती अशी.

शक्य तिथे बायपोलर रचनेचा विचार करावा. दोन्ही ध्रुव एकाच जबड्यात असल्याने प्रवाह शरीरभर फिरत नाही, प्लेट लागत नाही आणि पेसमेकर असलेल्या रुग्णातही धोका कमी राहतो. इथे प्रश्न उष्णता बाजूला पसरण्याचा आणि ऊती जबड्याला चिकटण्याचा असतो. चिकटलेला जबडा ओढताना नुकतीच बंद केलेली रक्तवाहिनी फाटते. त्यावर चांदी किंवा तांब्याच्या मिश्रधातूसारखे उष्णता झटकन वाहून नेणारे टोक आणि गुळगुळीत पृष्ठभाग उपयोगी पडतात. रक्तवाहिनी बंद करणाऱ्या जबड्यात दोन ध्रुव एकमेकांना टेकू नयेत म्हणून बारीक सिरॅमिकचे अडसर ठेवतात. त्यांची उंची मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असल्याने त्यांची झीज हत्याराचे आयुष्य ठरवते.

मूठ, बटणे आणि जोडण्या

कापण्याचे बटण पिवळे आणि कोॲग्युलेशनचे निळे हा संकेत मोडू नये. पेन्सिलवर, म्हणजे हातात धरायच्या कॉटरीच्या हत्यारावर, दोन बटणे शेजारी असतील तर हातमोज्यातल्या बोटालाही फरक कळावा म्हणून त्यांची उंची किंवा पोत वेगळा ठेवावा, आणि हत्यार रुग्णाच्या अंगावर पालथे पडले तरी बटण दाबले जाऊ नये इतके ते खोलगट असावे. अशा नकळत दाबलेल्या बटणामुळे ड्रेप पेटण्याच्या घटना घडतात, विशेषतः स्पिरिटयुक्त जंतुनाशक पूर्ण वाळलेले नसेल आणि तोंडावरच्या मास्कमधून प्राणवायू चालू असेल तेव्हा. पेन्सिलबरोबर विद्युतरोधक म्यान द्यावे आणि ते ड्रेपला सहज अडकेल असे बनवावे, अन्यथा ते पाकिटातच राहते.

बटणाच्या खालचा स्विच ओलाव्यापासून पूर्ण बंद हवा, कारण सलाइन आत शिरले तर बटण न दाबताच यंत्र चालू होते. कनेक्टरबाबत एकच नियम पुरे: चुकीच्या जागी बसूच शकणार नाही असा आकार. बायपोलरची पिन मोनोपोलरच्या खाचेत आणि प्लेटची पिन सक्रिय खाचेत जाता कामा नये. केबलबाबत सांगायचे तर, ती धातूच्या टॉवेल क्लिपला गुंडाळण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते आणि गुंडाळीतून क्लिपकडे धारितेने प्रवाह जातो. केबलबरोबर प्लॅस्टिकची क्लिप दिली तर ही सवय मोडायला निदान मदत होते.

चाचणी

आयईसी ६०६०१-२-२ हे या उपकरणांचे खास मानक आहे आणि भारतीय मानकांत त्याला आयएस १३४५० च्या मालिकेत स्थान आहे. चाचण्यांची आखणी करताना मानकाची चालू आवृत्ती समोर ठेवावी. इथे फक्त त्यांचा आशय सांगतो. इन्सुलेशनचा नमुना आधी ०.९ टक्के सलाइनमध्ये १२ ते २४ तास भिजवतात. मग हत्यारावर जाहीर केलेल्या कमाल व्होल्टेजच्या १.२ पट उच्च वारंवारितेचे व्होल्टेज लावून पाहतात, आणि त्यानंतर जाहीर व्होल्टेजपेक्षा १,००० व्होल्ट अधिक असे घरगुती वारंवारितेचे किंवा डीसी व्होल्टेज लावतात. हे जाहीर व्होल्टेज ठरवताना हात आखडता घेऊ नये. तुमच्या हत्यारावर ३ किलोव्होल्ट लिहिलेले आहे आणि रुग्णालयाचे यंत्र स्प्रे मोडमध्ये (ऊतीला न टेकता ठिणग्या उडवून रक्त गोठवण्याच्या पद्धतीत) ४ किलोव्होल्ट देते, अशी जोडी रोज कुठेतरी जुळते.

प्रयोगशाळेत मोजमाप करताना काही सापळे आहेत. ऑसिलोस्कोपच्या उच्चदाब प्रोबवर लिहिलेली क्षमता डीसीची असते आणि ५०० किलोहर्ट्झला ती बरीच खाली येते. उत्पादकाचा वक्र न पाहता प्रोब लावला तर प्रोब जळतो किंवा आकडा खोटा येतो. भारासाठी तारेच्या गुंडाळीचे रोधक वापरू नयेत, त्यांचे प्रेरकत्व वाचन बिघडवते. थर्मल कॅमेरा चकचकीत धातूचे तापमान कमी दाखवतो, म्हणून टोकाचा एक ठिपका मॅट काळ्या रंगाने रंगवून तिथे वाचावे.

ऊतीवरच्या चाचणीसाठी कोंबडीचे छातीचे मांस आणि बकऱ्याची कलेजी सुरुवातीला पुरेशी असते. मांस थेट फ्रिजमधून काढून वापरू नये, तापमान खोलीइतके होऊ द्यावे. प्रत्येक वेळी शक्ती, लहरीचा प्रकार, वेळ आणि हुक ओढण्याचा वेग ठरलेला ठेवून कापावे, मग छेद आडवा कापून पांढुरक्या झालेल्या पट्ट्याची रुंदी मोजपट्टीसह छायाचित्रात घ्यावी. हाताने हुक ओढला तर दोन अभियंत्यांचे निकाल जुळत नाहीत. साधी मोटर लावलेली सरकपट्टी केली की वाद संपतो. जिवंत ऊतीत रक्तप्रवाह उष्णता वाहून नेतो, त्यामुळे कलेजीवर मिळालेला पट्टा हा दोन आराखड्यांची तुलना करण्यापुरताच वापरावा.

प्लेट तुम्ही बनवत नसलात तरी तिची कसोटी माहीत असावी: प्रौढांच्या प्लेटमधून ७०० मिलिअँपिअर प्रवाह ६० सेकंद सोडल्यावर तिच्याखालचे तापमान ६ अंशांहून अधिक वाढता कामा नये. तुमचे हत्यार सतत याहून जास्त प्रवाह मागत असेल तर ते कोणत्या प्लेटबरोबर वापरावे, हे सांगण्याची जबाबदारी तुमची आहे.

पुनर्वापर

वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ खाली परवान्यासाठी कागदपत्रे तयार करताना निर्जंतुकीकरणाचा भाग बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात लिहिला जातो. तो डिझाइनच्या पहिल्या आठवड्यात लिहावा. तुमच्या पाकिटावर ‘एकदाच वापरावे’ असे छापले असले तरी अनेक ठिकाणी ते हत्यार इथिलीन ऑक्साइडमध्ये, ग्लुटराल्डिहाइडमध्ये किंवा फॉर्मेलिनच्या डब्यात घालून पुन्हा वापरात येते, हे सर्वांना ठाऊक आहे. याकडे डोळेझाक करण्याऐवजी दोनपैकी एक वाट निवडावी. एकदाच वापरायचे हत्यार असेल तर उष्णता लागताच दृश्यरूपाने बिघडणारा एखादा भाग त्यात ठेवावा, म्हणजे इन्सुलेशन गुपचूप कमजोर झालेले हत्यार टेबलावर येणार नाही. पुन्हा वापरायचे असेल तर किती फेऱ्यांनंतर ते बाद करायचे तो आकडा भिजवणे, घासणे, ऑटोक्लेव्ह आणि उच्चदाब चाचणी हे चक्र खरोखर तितक्या वेळा चालवून मिळवावा, तो दांड्यावर लेझरने कोरावा, आणि दर वापरापूर्वी ओल्या स्पंजवर किंवा इन्सुलेशन टेस्टरवर संपूर्ण नळी, मुठीपासून सिरॅमिकच्या सांध्यापर्यंत, फिरवून पाहण्याची सूचना हत्याराच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मराठी आणि हिंदीतून, चित्रासह छापावी.